बिनधुळीची खोली

कॅमेरा साफ करायला टेबलावर ठेवला की इन्स्पेक्टरबाई तुमचं नाव विचारायच्या नाहीत. कॅमेऱ्याचं तोंड खाली करून लेन्स काढायच्या, भिंगाला डोळा लावून आत बघायच्या आणि मग म्हणायच्या, "हळदीला गेलतास. हळद आंगणात होती, हॉलमधी नव्हती." समोरचा फोटोग्राफर गार. आतल्या धुळीत पिवळं दिसलं की हळद नाहीतर गावच्या जत्रेतला भंडारा, गुलाबी दिसलं की कुणीतरी निवडून आलाय, निळं दिसलं की जयंतीची मिरवणूक. निळं असलं की त्या माणसाचा नंबर रांगेत पहिला लागायचा. कुणी कुरकुर केली तर "मग तू बी जायचं होतंस मिरवणुकीला" असं ऐकून घ्यावं लागायचं.

तळवड्याचा एक फोटोग्राफर एकदा बायकोला गाडीवर मागे बसवून आला होता. घरी त्यानं सांगितलं होतं की नगरकडे मोठं लग्न आहे, चार दिवस येत नाही. बाईंनी त्याच्या लेन्सच्या कडेचे कण बोटावर घेतले, उजेडात धरले आणि सहज म्हणाल्या, "ही समुद्राची वाळू हाय. चमकती बघ." बायको एवढंच बोलली, "नगरला समुद्र कधी आला?" त्या दिवसापासून तो गडी कॅमेरा मित्राच्या हातून पाठवायला लागला.

ज्यांना हे प्रकरण ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. जुन्या कॅमेऱ्यात फिल्म असायची, तिच्या जागी आताच्या कॅमेऱ्यात सेन्सर असतो. काचेसारखा चौकोनी तुकडा, पोस्टाच्या मोठ्या तिकिटाएवढा. लेन्स बदलताना आत धूळ जाते, त्या तुकड्यावर बसते आणि मग प्रत्येक फोटोत, अगदी त्याच जागी, एक करडा ठिपका उमटतो. आभाळात उमटला तर घार म्हणून खपवता येतो. नवरीच्या गालावर उमटला की संपलं. एका नवरीच्या आईनं मला फोन करून विचारलं होतं, "अहो, आमच्या पोरीला तीळ कधीपासून?"

मी लग्नांचे फोटो काढते. चिंचवड-देहूच्या या पट्ट्यात बाई म्हणून हे काम करायचं तर जीभ जरा तिखट ठेवावी लागते, आणि माझी मुळातच आहे. पण इन्स्पेक्टरबाईंकडे मला माझ्या जिभेनं नाही, सासूबाईंच्या कुंकवानं नेलं.

सासूबाई रावेतच्या जुन्या घरातल्या. दसऱ्याला घरातलं प्रत्येक यंत्र त्यांच्या हाताखालून जातं. मिक्सर, शिलाई मशीन, नवऱ्याची पान्यांची पेटी, स्कूटर, सगळ्यांना हळदीकुंकू. त्या वर्षी मी आंघोळीला गेले आणि त्यांनी कॅमेरा पाटावर घेतला. लेन्स म्हणजे त्यांना झाकण वाटलं. कुठलं तरी बटण दाबलं गेलं, झाकण फिरलं, निघालं आणि आत तो रंगीत झाक मारणारा तुकडा दिसला. त्यांनी मनोभावे ओल्या बोटानं त्याच्यावर कुंकू लावलं, वर चिमूटभर हळद आणि झेंडूची एक पाकळी ठेवली. मी बाहेर आले तेव्हा लेन्स समईशेजारी उभी होती.

माझा पारा चढला. दोन दिवसांनी मोठं लग्न होतं आणि कॅमेरा एकच. मी जे काही बोलले ते इथं लिहीत नाही. सासूबाई शांतपणे म्हणाल्या, "तुजं प्वाट ज्याच्यावर चालतंय त्येला कुकू लावलं. काय वंगाळ केलं?" मी रागारागात आत दोन फुंकरा मारल्या, ते लाल आणखी पसरलं, आणि मग एका ओळखीच्या फोटोग्राफरनं सांगितलं, काळेवाडीच्या टोकाला एक बाई आहे, तिच्याकडे जा, पण पावडर लावून जाऊ नको.

मी पावडर लावूनच गेले होते. दारातच थांबवलं. बाहेर बसून तोंड, मान, हात धुवायला लावले, डोक्यातला गजरा खुंटीला टांगायला लावला आणि मग आत घेतलं. भिंगातून त्या बराच वेळ बघत राहिल्या. मला वाटलं, आता हसतील. हसल्या नाहीत.

"कुणी लावलं?"

"सासूबाईंनी."

"जागा बराबर निवडली म्हातारीनं. बाकीचे समदे वरच्या डब्याला लावत्यात." मग भिंग खाली ठेवून माझ्याकडे बघत म्हणाल्या, "फुंकर मारलीस."

मी म्हटलं, थोडीशी.

"थोडीशी न्हाई, दोनदा. थुंकीचे ठिपके हायेत. तोंडाची फुंकर लेकराच्या गुडघ्याला मारायची. हितं न्हाई."

मग त्यांनी कॅमेरा उपडा धरून रबरी फुग्यानं आत हवा मारली. हळद आणि पाकळीचा चुरा खाली पांढऱ्या कागदावर पडला. कुंकू मात्र वाळून घट्ट बसलं होतं. पातळ फडकं गुंडाळलेल्या चपट्या काडीवर एक थेंब औषध घेऊन त्यांनी ते आधी नुसतं भिजू दिलं, मग डावीकडून उजवीकडे एकदाच काडी फिरवली आणि ती टाकून दिली. दुसरी घेतली. ती टाकली. मी म्हटलं, मावशी, त्याच काडीची दुसरी बाजू आहे की. त्या म्हणाल्या, "काढलेली घाण परत लावायची असंल तर घरी लाव."

शेवटी खिडकीतून आभाळाचा एक फोटो काढून संगणकावर मोठा करून बघितला. कोपऱ्यात एक बारीक ठिपका होता, मला दिसलाही नसता. मी म्हटलं, राहू द्या. त्यांनी माझ्याकडे नुसतं बघितलं आणि पुढची काडी उचलली. तो ठिपका निघेपर्यंत कॅमेरा माझ्या हातात आला नाही.

त्यांचं खरं नाव कांताबाई. मूळच्या लातूरकडच्या. लग्न होऊन इकडे आल्या, नवरा लवकर गेला आणि चाकणच्या एका कंपनीत कंत्राटावर लागल्या. तिथं गाड्यांची बॉनेटं आणि दारं रंगवायचं काम चालायचं. रंग वाळून आलेला पत्रा ट्यूबच्या उजेडात तिरपा धरून बघायचा आणि रंगाखाली धुळीचा कण अडकलेला दिसला की तो बाजूला काढायचा, ही त्यांची नोकरी. त्या कणाला त्या दाणा म्हणत. तिथलंच इन्स्पेक्टर हे नाव त्यांना चिकटलं आणि कंपनी सुटली तरी सुटलं नाही. लग्नात एकदा एक फोटोग्राफर स्क्रीनवरच्या ठिपक्यांना शिव्या घालत होता, तेव्हा त्यांनी वाकून बघितलं आणि म्हणाल्या, हा तर आपला दाणाच हाय. भंगारात गेलेल्या एका कॅमेऱ्यावर हात बसवला आणि धंदा सुरू केला.

धंदा करायचा तर जागा पाहिजे, आणि ती जागा त्यांनी कंपनीच्या रंगखान्यासारखीच केली. घराची मागची खोली. सकाळी फरशी ओल्या फडक्यानं पुसून ओलसर ठेवायच्या. खोलीत गादी नाही, पडदा नाही, कॅलेंडरसुद्धा नाही. अंगावर कायम टेरिकॉटची साडी, कारण सुती कापडाचे तंतू उडतात. पंखा होता, पण त्याचं बटणच काढून टाकलं होतं. मे महिन्यात त्या खोलीत बसलं की माणूस शिजायचा. कुणी तक्रार केली की म्हणायच्या, "धुळीला मारायचं नसतं, बसवायचं असतं. ती बसली की मग उचलायची." चैत्रवैशाखातसुद्धा फोटोग्राफर घाम पुसत तिथं बसून राहायचे, कारण चिंचवडपासून देहूपर्यंत अशी खोली दुसरी नव्हती. त्या खोलीचा त्यांना भारी अभिमान होता. दारावर पाटी नव्हती, पण येणाऱ्या प्रत्येकाला त्या एकदा तरी ऐकवायच्या, "माझ्या खोलीत धूळ न्हाई. सापडली तर दाखव."

मी कामाशिवायही जायला लागले. कारण एक दिवस रावेतच्या एका लॉनवर मी दोन कॅमेरे गळ्यात अडकवून उभी असताना नवरदेवाचा मामा मला म्हणाला, "मॅडम, मेन फोटोग्राफर कधी येणार?" दिवसभर हाच प्रश्न, कधी मामा, कधी काका. संध्याकाळी मी बाईंकडे जाऊन बसले आणि म्हटलं, सोडते हे काम, पासपोर्टचे फोटो काढते.

त्यांनी मान वर केली नाही. हातातलं काम करता करता त्यांनी कंपनीतली गोष्ट सांगितली. महिनाअखेर होती, माल जायचा होता आणि एका काळ्या बॉनेटवर त्यांना दाणा दिसला. सुपरवायझर आला, वाकून बघितलं आणि म्हणाला, बाई, जाऊ द्या, दिसत नाही. त्या म्हणाल्या, "तुमाला दिसत न्हाई. मला दिसतोय, म्हणजे हाय." तो म्हणाला, सही करा. त्यांनी सही केली नाही, वरची दोरी ओढली. दोरी ओढली की अख्खी लाईन थांबते. साहेब लोक पळत आले. बाई त्या बॉनेटजवळून हलल्या नाहीत. शेवटी ते बॉनेट परत गेलं.

"मग?" मी विचारलं.

"मग काय. पुढच्या कंत्राटात माझं नाव नव्हतं."

"वाईट नाही वाटलं?"

"वाटलं की. पण दाणा हाय म्हणजे हाय." मग पहिल्यांदा वर बघून म्हणाल्या, "तू मेन फोटोग्राफर हायेस का न्हाईस?"

मी म्हटलं, आहे.

"मग तसं सांगायचं. रडायला माझ्याकडं कामून आलीस?"

पुढच्या लग्नात मी तिथल्या मामांना सांगितलं, मेन फोटोग्राफर तुमच्या समोर उभी आहे, पोट आत घ्या. मामांनी घेतलं.

अशी ती बाई, आणि अशी तिची खोली. त्या खोलीच्या मागच्या मोकळ्या प्लॉटवर एक दिवस पत्रे लागले आणि आत सिमेंट कालवायचा प्लांट उभा राहिला; त्याचं फाटक वळून बाईंच्याच गल्लीत उघडायचं. उंच टाक्या, खाली वाळूचे आणि काँक्रीटात मिसळायच्या राखेचे ढीग, आणि दिवसभर ये-जा करणाऱ्या ढोल फिरवत्या गाड्या. सगळीकडे टॉवर उभे राहतायत, काँक्रीट कुठून तरी येणारच. ते इन्स्पेक्टरबाईंच्या भिंतीमागून यायला लागलं.

पहिल्या आठवड्यातच त्यांच्या साफ केलेल्या एका कॅमेऱ्यात दाणा राहिला. गिऱ्हाइकाच्या लक्षातही आला नव्हता. बाईंच्या आला. मी गेले तेव्हा त्या टेबलावर हात ठेवून नुसत्या बसल्या होत्या. इतक्या वर्षांत मी त्यांना रिकाम्या हातानं बसलेलं बघितलं नव्हतं. त्या म्हणाल्या, "माझ्या खोलीत धूळ आली गं."

मग सुरू झालं युद्ध. मागच्या खिडकीला त्यांनी विटा लावल्या. दाराबाहेर दुसरं दार केलं, मधे गोणपाटाचे पडदे टांगून ते दर तासाला भिजवायच्या. पहाटे गाड्या सुरू व्हायच्या आधी उठून सेन्सरची कामं उरकायच्या. तरी धूळ यायची. दाराच्या फटीतून, गिऱ्हाइकाच्या चपलेतून, कॅमेऱ्याच्या बॅगेतून. काही फोटोग्राफर पुण्यात जायला लागले. जे येत राहिले तेही म्हणायचे, ताई, जागा बदला. त्यांचा मुलगा अमोल तळवड्याला आयटीत आहे, मोशीला आठव्या मजल्यावर त्याचा फ्लॅट आहे. तो तर दर रविवारी येऊन तेच सांगायचा. "आई, तिथं एक खोली तुलाच ठेवलीय. बंद काचा आहेत. चल ना."

"आणि ही?"

"ही देऊन टाकू. प्लांटवाल्यांनाच गाड्या लावायला जागा पाहिजे, ते घेतील."

त्यावर बाई उठून गोणपाट भिजवायला गेल्या. म्हणजे नाही. त्यांना काय हवं होतं ते त्या दिवशी मला नीट कळलं. धंदा त्या मोशीलाही करू शकल्या असत्या. पण धूळ उडवणाऱ्यानं राहायचं आणि पुसणाऱ्यानं उठून जायचं, हे त्यांना मान्य नव्हतं. काय चुकीचं होतं त्यांचं?

तक्रार केली. अर्ज मी लिहिला, आणि गल्लीचे फोटोही मीच काढले. टाक्यांवरून उठणारे लोट, त्यात दिसणारे कण, करडी झालेली तुळस, करडे झालेले दोरीवरचे कपडे. बऱ्याच दिवसांनी एक साहेब पाहणीला आले. त्या दिवशी सकाळपासून प्लांटमध्ये टँकरनं पाणी मारलं होतं आणि एकही गाडी हलत नव्हती. साहेबांनी इकडेतिकडे बघितलं, म्हणाले, कुठंय धूळ? मी फोटो पुढे केले. त्यांनी दोन-तीन बघितले आणि म्हणाले, "ताई, हे कॅमेऱ्यातले डाग असणार. आतमध्ये घाण बसली की असं येतं, माझ्या मेव्हण्याच्या कॅमेऱ्यात पण झालं होतं."

माझा कॅमेरा. इन्स्पेक्टरबाईंनी साफ केलेला. आणि हे त्यांच्याच दारात उभं राहून.

माझ्या तोंडून काय निघालं असतं देव जाणे, पण बाईंनी माझ्या हातातून दोन फोटो घेतले, एकावर एक ठेवले आणि दारातल्या उजेडात धरले. "बघा साहेब. ह्यातला ठिपका हितं हाय, ह्यातला तितं. कॅमेऱ्यातला ठिपका जागा सोडत न्हाई. शंभर फोटो काढा, जितं बसलाय तितंच दिसंल. ही फिरती धूळ हाय, ही हवेतली."

साहेबांनी बघितल्यासारखं केलं. "बघतो, वर कळवतो" म्हणाले आणि गेले. माणूस वाईट नव्हता. त्याला जेवायला उशीर होत होता.

अमोल तिथंच होता. साहेबांची गाडी वळल्यावर तो म्हणाला, "झालं समाधान? आता तरी चल." बाई ते दोन फोटो अजून हातात धरून होत्या. त्या म्हणाल्या, "कॅमेऱ्यातला ठिपका जागा सोडत न्हाई, ऐकलंस ना? तुझी आई बी न्हाई सोडत."

दुसऱ्या दिवशी त्या कुदळवाडीच्या भंगारात गेल्या आणि टेम्पोतून एक काळं बॉनेट घेऊन आल्या. घासून, पॉलिश करून असं केलं की त्यात तोंड दिसावं. रंगखान्यात धूळ कुठून येते हे शोधायचं असलं की असाच काळा चकचकीत पत्रा तिथं ठेवून देतात आणि त्याच्यावर काय बसतं ते बघतात. बाईंनी ते बॉनेट प्लांटच्या फाटकासमोर, आपल्या कुंपणाच्या भिंतीवर पक्कं बसवलं. रोज सकाळी सगळी गल्ली कामावर निघायच्या वेळेला त्या स्टुलावर चढून ते लख्ख पुसायच्या. दुपारपर्यंत ते करडं व्हायचं. संध्याकाळी शाळेतून आलेली पोरं त्यावर बोटानं नावं लिहायची. आणि ज्या फोटोग्राफरची त्या भागात फेरी असेल तो गाडी थांबवून, समोरच्या खांबाला टेकून, त्याचा एक फोटो काढायचा. कुणी नेमून दिलं नव्हतं. लग्नात नवरानवरीला "हसा, हसा" म्हणणारे आम्ही लोक, एका बॉनेटचे फोटो काढायला लागलो.

फाटकावरच्या वॉचमनला आधी गंमत वाटली. एक दिवस त्यानं विचारलं, "मावशी, किती दिवस पुसणार?"

स्टुलावरूनच त्या म्हणाल्या, "तुमची संपंल तवर."

मग एक गंमत झाली. प्लांटवर एक तरुण इंजिनियर होता, परभणीकडचा पोरगा. कामाचे फोटो काढून वर पाठवायला कंपनीनं त्याला कॅमेरा दिला होता. त्यात ठिपके यायला लागले, त्यानं कुठं तरी विचारलं, आणि त्याला पत्ता मिळाला तो समोरच्या दाराचा. आला बिचारा, चप्पल हातात घेऊन, खाली मान घालून. मी तिथंच बसले होते. मला वाटलं, आता बाई याला कॅमेऱ्यासकट फाटकापर्यंत पोचवतात.

बाईंनी कॅमेरा घेतला, उलटा धरला, भिंगातून बघितलं. "कुठं गेलतास ते विचारत न्हाई," म्हणाल्या.

पोरगा लाल झाला.

त्यांनी तो कॅमेरा साफ केला, आणि असा केला की त्या दिवशी मलाच राग आला. माझ्या कॅमेऱ्याला लागल्या नसतील इतक्या काड्या वापरल्या. आभाळाचा फोटो काढला, मोठा करून त्याला दाखवला. कोपरानकोपरा कोरा. मग कॅमेरा त्याच्या हातात देत म्हणाल्या, "आता ह्यात एक बी ठिपका न्हाई, बघितलंस ना तुझ्या डोळ्यानं? आता संध्याकाळी ह्याच्यानंच त्या बॉनेटचा फोटो काढ. तुझ्या साहेबाला पाठवायचा का न्हाई ते तू बघ. पण कॅमेऱ्यातला डाग हाय असं म्हणायला तुला तोंड राहिलं न्हाई."

तो म्हणाला, "मावशी, माझी नोकरी आहे."

"माझी बी होती," त्या म्हणाल्या.

त्यानं फोटो काढला. पाठवला की नाही, विचारायला आम्ही गेलो नाही. पण पावसाळ्याआधी राखेच्या ढिगावर पत्र्याची शेड आली, जाळी लागली, गाड्यांची चाकं धुवायला फाटकात हौद झाला. फोटोमुळं झालं, की गल्लीतल्या बायका हंडे घेऊन फाटकात बसल्या त्यामुळं, कोण जाणे. धूळ निम्मी झाली. सगळे म्हणाले, जिंकलात मावशी. त्या म्हणाल्या, "निम्मी हाय म्हणजे हाय," आणि दुसऱ्या दिवशी सकाळी स्टूल घेऊन भिंतीपाशी.

त्याच सुमारास त्यांचा खोकला सुरू झाला, किंवा आधीपासून होता आणि आम्हाला तेव्हा ऐकू आला. डॉक्टरनं छातीचा फोटो काढायला लावला. तो फोटो त्यांनी मला उजेडात धरून दाखवला. "बघ. ह्यातला ठिपका बी जागा सोडत न्हाई." मी रागावले. असली चेष्टा मला आवडली नाही आणि मी तसं तोंडावर सांगितलं. त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला, जो त्या सहसा कुणाला लावत नसत, कारण हाताला कपड्याचे तंतू लागतात.

अमोल त्यांना मोशीला घेऊन गेला. दोनदा त्या रिक्षा करून परत आल्या. तिसऱ्यांदा दवाखान्यात होत्या. मी भेटायला गेले तर नाकात नळी, आवाज बसलेला, आणि विचारतायत काय, "पुसलंस का?" मी म्हटलं, पुसलं. त्या दिवशी मी खरोखरच बॉनेट पुसून गेले होते. त्यानंतर त्या बोलण्याच्या स्थितीत राहिल्या नाहीत आणि थंडीत गेल्या.

विहारात पुण्यानुमोदनाला केवढे फोटोग्राफर आले होते. कॅमेरा कुणीच आणला नव्हता. बाहेर उभं राहून कुणी तरी म्हणालं, शेवटी धुळीनंच हरवलं बिचारीला. माझं डोकं फिरलं. मी म्हटलं, त्यांना धुळीनं मारलं असेल, हरवलं नाही, आणि बिचारी तर त्या नव्हत्याच. मला नंतर रडू आलं, पण ते घरी.

महिन्याभरानं अमोलचा फोन आला. प्लांटवाले पुन्हा खोली मागत होते. "ताई, मी काय करू? मला तिथं जाववत नाही." मी म्हटलं, मला भाड्यानं दे. तो म्हणाला, तुम्ही काय करणार तिथं? मी म्हटलं, चातुर्मासात लग्नं नसतात, तशीही मी रिकामीच असते. सेन्सर साफ करीन. तो म्हणाला, "पंख्याचं बटण लावून देऊ?" मी म्हटलं, खबरदार.

आता मी त्या खोलीत बसते. माझा हात त्यांच्यासारखा नाही, हे मला रोज कळतं. धुळीवरून माणूस कुठं गेला होता हेही मला सांगता येत नाही. हळद तेवढी ओळखते. पण तोंडानं फुंकर मारणाऱ्याला मी ओळखते, आणि काडी दुसऱ्यांदा फिरवत नाही. पावडर लावून आलेल्याला बाहेर बसवते. दोन-तीन जण माझ्या जिभेमुळं परत आले नाहीत. ते बाईंच्या जिभेमुळंही आले नसते.

या दसऱ्याला सासूबाई म्हणाल्या, "मला त्या बाईची खोली दाव." ताट घेऊन आल्या, हळदीकुंकू, झेंडू, सगळं. दारात आल्यावर थबकल्या. "त्यांच्यात हे चालत न्हाई न्हवं?" मी म्हटलं, नाही. त्यांचाही आज सण असतो, पण वेगळा. सासूबाईंनी जरा विचार केला. ताट बाहेर कट्ट्यावर ठेवलं, डोक्यातलं फूल काढून त्यात टाकलं आणि नळावर कोपरापर्यंत हात धुतले. मग म्हणाल्या, "फडकं दे."

मला वाटलं, फरशी पुसतील. त्या बाहेर गेल्या, स्टूल भिंतीला लावलं आणि त्यावर चढल्या. मी धरायला धावले. या वयात, नऊवारीत, सासूबाई बॉनेट पुसत होत्या, वरून खाली, एकेक पट्टा, आणि प्रत्येक पट्ट्याला फडक्याची नवी घडी. हे त्यांना कुणी शिकवलं मला माहीत नाही. काळं चकचकीत झालं आणि त्यात त्यांचा चेहरा दिसायला लागला. स्टुलावर उभ्या राहूनच त्यांनी त्याला हात जोडले.

समोरून एक ढोलाची गाडी आत गेली. तिच्या मागे धूळ उठली आणि सावकाश खाली येत बॉनेटवर बसली. फाटकावर आता नवीन वॉचमन आहे, त्याला जुनं काही ठाऊक नाही. तो हसत म्हणाला, "आजी, आत्ताच पुसलं, आत्ताच बसली. किती दिवस पुसणार?"

माझ्या सासूबाई परक्या पुरुषाशी मान वर करून बोलत नाहीत. सबंध आयुष्यात बोलल्या नाहीत. त्यांनी फडक्याची घडी बदलली.

"तुमची संपंल तवर," त्या म्हणाल्या, आणि पुन्हा वरून सुरुवात केली.